आवक-जावक : संगणकातल्या बारनिशीची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कोणत्याही जुन्या कचेरीत दाराजवळच्या टेबलावर दोन जाडजूड नोंदवह्या दिसतात. एक आवक, दुसरी जावक. आलेल्या पत्रावर शिक्का उमटवून त्याला आवक क्रमांक द्यायचा, जाणाऱ्या पत्रावर जावक क्रमांक घालायचा आणि दोहोंची तारीखवार नोंद ठेवायची. सरकारी भाषेत या कामाला बारनिशी म्हणतात. चिटणीस, फडणीस या शब्दांच्याच घराण्यातला हा शब्द. साहेब बदलतात, टेबले बदलतात, पण ‘तुमचे पत्र आम्हाला मिळालेच नाही’ असे कोणी म्हणाले की सगळ्यांचे हात त्या दोन वह्यांकडेच वळतात.

आता हेच काम संगणक करतो. दुकान असो, कारखाना असो की औषधांची एजन्सी असो, बिले, मालसाठा, येणी-देणी सांभाळणारी सॉफ्टवेअर आली आणि ग्राहकाला बिल थेट ई-मेलने जाऊ लागले. पण हे सुरू करायचे म्हटले की पडद्यावर एक फॉर्म उघडतो आणि भले भले हिशेबनीस गांगरतात. जाणाऱ्या पत्रांचा सर्व्हर कोणता, येणाऱ्या पत्रांचा कोणता, ‘पोर्ट’चा आकडा २५ की ५८७ की ४६५, येणाऱ्यासाठी ११० की १४३, पासवर्ड कोणता, कूटबद्ध करायचे की नाही, असे प्रश्न तो फॉर्म विचारतो. पत्ता एकच, मग पाठवण्याची सोय वेगळी आणि घेण्याची वेगळी का, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. त्या फॉर्ममधला एकेक रकाना निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या अडचणीतून जन्माला आला आहे.

सुरुवात १९७१ सालची. अमेरिकेत ‘अर्पानेट’ हे संगणकांचे जाळे नुकते कुठे उभे राहत होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी बीबीएन नावाच्या कंपनीत रे टॉमलिन्सन हा अभियंता काम करीत असे. एकाच संगणकावर काम करणाऱ्यांनी एकमेकांसाठी निरोप ठेवायची सोय तेव्हाही होती. टॉमलिन्सनने तो निरोप जाळ्यातून दुसऱ्या संगणकावर नेऊन ठेवण्याची युक्ती काढली आणि माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह घातले. दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी शेजारी होते, पण निरोप मात्र जाळ्यातून फिरून गेला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. निरोप पाठवण्याचा प्रोग्रॅम होता ‘सेंडमेसेज’ आणि वाचण्याचा होता ‘रीडमेल’. म्हणजे जावक आणि आवक या दोन वह्या पहिल्या दिवसापासूनच वेगळ्या होत्या.

पुढची दहा वर्षे फाइली पाठवण्याच्या यंत्रणेच्याच पाठीवर बसून ही पत्रे जात होती. पत्रांसाठी स्वतंत्र नियमावली हवी हे लक्षात आल्यावर ती लिहिली जॉन पोस्टेल यांनी. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत काम करणारा, दाढीवाला, साधा माणूस. ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांची ‘आरएफसी ८२१’ ही टिपणवजा नियमावली निघाली. तिचे नाव ‘सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल’, म्हणजे आजच्या फॉर्मवरचे एसएमटीपी. यात दोन संगणक एकमेकांशी अक्षरशः गप्पा मारतात. पहिला म्हणतो ‘हेलो’ (चार अक्षरांचाच आदेश चालत असे, म्हणून ‘हॅलो’तले एक अक्षर गाळलेले). दुसरा म्हणतो, बोला. मग हे पत्र अमुककडून आहे, तमुकसाठी आहे, हा घ्या मजकूर. मजकूर संपला हे सांगायचे तर एका ओळीत नुसता एक टिंब. पलीकडून उत्तर येते, ‘२५०, ठीक’. झाले काम. यासाठी संगणकाचे जे दार ठरले त्याचा क्रमांक २५. ‘पोर्ट’ म्हणजे दुसरे काही नाही, इमारतीतल्या खिडकीचा क्रमांक. टपाल कचेरीत मनीऑर्डरची खिडकी वेगळी आणि तिकिटांची वेगळी, तसेच.

या संवादात एक गोष्ट कोणी विचारत नाही. ‘अमुककडून’ असे म्हणणारा खरोखर अमुकच आहे कशावरून? पोस्टेल यांना हे सुचले नसेल असे समजण्याचे कारण नाही. त्या वेळी सगळ्या अर्पानेटवर दोन-सव्वादोनशे यजमान संगणक होते आणि ते चालवणारे बहुतेक जण एकमेकांना ओळखत होते. गावातल्या गावात चिठ्ठी नेणाऱ्या पोराकडे कोणी ओळखपत्र मागत नाही. पण गावाची मुंबई झाली तरी नियम गावाचाच राहिला आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

आता आवक. एसएमटीपीने पत्र पोचवायचे तर समोरचा संगणक चोवीस तास जागा हवा. विद्यापीठांतली मोठी यंत्रे जागी असत. पण १९८० नंतर टेबलावरचे छोटे संगणक आले आणि संध्याकाळी घरी जाताना माणूस ते बंद करू लागला. मग पत्र द्यायचे कोणाकडे? ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल यांच्याच संस्थेतल्या जॉइस रेनॉल्ड्स या बाईंनी त्यावर तोडगा लिहिला. पत्रे जाग्या यंत्राकडे साठवायची आणि छोट्या संगणकाने सवड मिळेल तेव्हा जाऊन उचलून आणायची. टपाल कचेरीत पेटी भाड्याने घ्यावी तसा हा प्रकार, म्हणून नावही ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’, म्हणजे पीओपी. १९८८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. ११० क्रमांकाची खिडकी तिची.

या पद्धतीत पत्रे घरी आणली की पेटी बहुधा रिकामी होते. एकाच माणसाचा एकच संगणक असेल तर ठीक. पण कचेरीत एक, घरी एक असे झाले की अर्धी पत्रे इथे आणि अर्धी तिथे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये वेगळा विचार केला. पत्रे तिथेच राहू द्यावीत आणि आपण जिथून जमेल तिथून जाऊन वाचावीत. हे आयमॅप, खिडकी क्रमांक १४३. व्यवसायाच्या सॉफ्टवेअरला आज जवळजवळ नेहमी हेच निवडायला सांगतात, कारण विक्री विभाग, हिशेब विभाग आणि मालक अशा तिघांनाही तीच पेटी पाहायची असते.

याच काळात आपल्याकडेही हालचाल सुरू होती आणि तिचे एक केंद्र मुंबईत होते. १९८६ मध्ये ‘अर्नेट’ या शिक्षण-संशोधन जाळ्याची उभारणी सुरू झाली. जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल जाऊ-येऊ लागली. पुढे एनसीएसटीतूनच अमेरिकेशी जोडणी झाली. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट. आजच्या मोबाइलवरचे एक बऱ्यापैकी छायाचित्र त्या तारेवरून पाठवायला पाऊण-एक तास लागला असता. पण ही सोय प्राध्यापक-संशोधकांपुरती होती. व्यापाऱ्यांच्या नशिबी टेलेक्स आणि फॅक्स होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. त्यातले स्वस्त खाते अक्षरांपुरते असे. पत्र निगमच्याच यंत्रावर बसून वाचल्यासारखे वाचायचे, त्यामुळे आवक-जावकचे रकाने भरायची वेळच येत नसे. महाग खाते घेतले, आपल्या संगणकावर पत्रे उतरवून घ्यायची ठरवली, की तो फॉर्म समोर आला. मराठी व्यापाऱ्याची आणि या फॉर्मची पहिली भेट ही अशी.

गंमत म्हणजे त्या दिवसांत पत्रे घ्यायला पासवर्ड लागत असे, पाठवायला लागत नसे! इतकेच नव्हे, तर जगातले अनेक सर्व्हर कोणाचेही पत्र कोणालाही पुढे ढकलून देत. तारा वारंवार तुटत असताना एकमेकांचा बोजा वाहणे हा शेजारधर्म होता. त्याचा फायदा कोण घेणार, हे मात्र आधीच दिसले होते. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकदम धाडले. लोक संतापले. पहिले ‘स्पॅम’ म्हणून ते पत्र आजही सांगितले जाते. १९९० नंतर असे थर्क हजारोंनी निघाले आणि परक्याच्या सर्व्हरच्या खांद्यावरून कोट्यवधी जाहिराती उडू लागल्या.

तेव्हा दारे लावायला सुरुवात झाली. ‘सेंडमेल’ हा त्या काळी सर्वांत जास्त वापरला जाणारा टपाल प्रोग्रॅम. बर्कलीच्या एरिक ऑलमन यांचा. त्याच्या १९९८ च्या आवृत्तीपासून परक्याचे पत्र पुढे ढकलणे मुळातच बंद ठेवले जाऊ लागले. पण मग फिरतीवर असलेल्या आपल्याच माणसाला ओळखायचे कसे? काही काळ एक जुगाड चालला. आधी आवक तपासा, तिथे पासवर्ड द्या, मग पुढची काही मिनिटे तुमची जावकही स्वीकारू. जुन्या लोकांना आठवत असेल, ‘पाठवण्याआधी एकदा रिसीव्ह दाबा’ असे कंपनीचा माणूस फोनवर सांगायचा. डिसेंबर १९९८ मध्ये आपल्या ग्राहकांची पत्रे घेण्यासाठी ५८७ ही वेगळी खिडकी ठरली आणि १९९९ मध्ये जावकलाही पासवर्ड विचारण्याची रीत लेखी झाली. सतरा वर्षे उशिरा! माझ्या मते ई-मेलच्या साऱ्या इतिहासातली सर्वांत महाग पडलेली दिरंगाई हीच.

४६५ या आकड्याची कथा तर सरकारी फायलीत शोभेल अशी आहे. कूटबद्ध जावकसाठी हा क्रमांक १९९७ मध्ये नोंदवला गेला. वर्षभरात दुसरी पद्धत बरी ठरली म्हणून नोंद मागे घेतली आणि क्रमांक भलत्याच कामाला दिला. पण तोवर अनेकांनी ती खिडकी वापरायला घेतली होती आणि ती कोणी सोडली नाही. शेवटी २०१८ मध्ये नियमकर्त्यांनीच माघार घेऊन ४६५ ला पुन्हा मान्यता दिली. म्हणून आज एक तंत्रज्ञ ५८७ सांगतो, दुसरा ४६५ सांगतो, आणि दोघेही बरोबर असतात.

व्यवसायाच्या सॉफ्टवेअरचा या टपालाशी खरा संबंध जुळला तो बिल पाठवण्यापेक्षा उत्तर ओळखण्यावरून. समजा, तुम्ही कोटेशन पाठवलेत. गिऱ्हाईक उत्तरात लिहितो, ‘दर कमी करा, माल सोमवारी हवा.’ हे उत्तर कोणा एका विक्रेत्याच्या पेटीत पडून राहिले आणि तो रजेवर गेला, तर ऑर्डर बुडते. सॉफ्टवेअरने ते उत्तर त्याच कोटेशनच्या नोंदीखाली आपोआप चिकटवले पाहिजे. त्याला कसे कळते कोणते उत्तर कशाचे? १९८२ मध्येच पोस्टेल यांच्या नियमावलीबरोबर पत्राच्या मजकुराची नियमावली निघाली होती, ‘आरएफसी ८२२’. तिच्यात प्रत्येक पत्राला एक अनन्य ओळखक्रमांक देण्याची आणि उत्तरात ‘हे अमुक पत्राला उत्तर’ असे नोंदवण्याची जागा होती. म्हणजे आपला जावक क्रमांक आणि आपले ‘संदर्भ : आपले पत्र क्र. अमुक, दि. तमुक’! आपल्या बारनिशीतली युक्ती आणि अमेरिकेतली युक्ती एकच निघावी, यात नवल नाही. ढिगातून पत्र शोधायची अडचण सगळीकडे सारखीच.

बेल्जियममध्ये फॅबियन पिंकार्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेले आणि २०१४ पासून ‘ओडू’ या नावाने ओळखले जाणारे सॉफ्टवेअर, किंवा मुंबईत रुषभ मेहता यांच्या कंपनीने उभे केलेले ‘ईआरपीनेक्स्ट’, ही दोन्ही याच खुणेवर चालतात. ईआरपीनेक्स्टमध्ये तर एखाद्या पेटीत आलेले पत्र कोणत्या प्रकारच्या नोंदीत घालायचे हेही ठरवता येते. चौकशी आली की विक्रीची नोंद, तक्रार आली की तक्रारीची नोंद. यात एक खड्डा आहे, तो सांगून ठेवतो. तुमचे सॉफ्टवेअर प्रत्येक पत्राला ‘आपले पत्र मिळाले, आभारी आहोत’ असे आपोआप कळवते, आणि समोरच्याचेही तसेच कळवते. मग दोन यंत्रे रात्रभर एकमेकांचे आभार मानत बसतात. हे टाळण्यासाठी यंत्राने लिहिलेल्या पत्रावर तशी खूण असावी आणि अशा पत्राला यंत्राने उत्तर देऊ नये, असा संकेत २००४ मध्ये लेखी झाला. न पोचलेले पत्र परत करताना पाठवणाऱ्याचा रकाना कोरा ठेवण्याची जुनी रीतही त्याचसाठी.

जावकला पासवर्ड लागला तरी मूळचा प्रश्न राहिलाच. जो कोणी स्वतःचा सर्व्हर उभा करील तो तुमच्या नावाने पत्र लिहू शकतो. पुरवठादाराच्या नावाने बनावट पत्र येते, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे या खात्यात रक्कम भरावी’, आणि वर्षानुवर्षांचा व्यवहार असलेला माणूस लाखो रुपये भलत्याच्या खात्यात टाकून मोकळा होतो. बिल गेट्स यांनी जानेवारी २००४ मध्ये दावोसला स्पॅमचा प्रश्न दोन वर्षांत सुटेल असे सांगितले होते. तो सुटला नाही, पण ओळख पटवण्याचे तीन उपाय मात्र त्यानंतर हळूहळू आले. २००६ चा ‘एसपीएफ’ म्हणजे माझी पत्रे कोणते सर्व्हर आणतील याची जाहीर यादी. जुन्या काळी अमुक जासूदच आमचा, बाकी तोतये, असे कळवून ठेवावे तसे. २००७ चा ‘डीकेआयएम’ म्हणजे पत्रावरची मोर्तब. शिवकालीन पत्रांत मजकूर संपला तिथेच मर्यादा मुद्रा उमटवत, म्हणजे पुढे कोणी ओळ घुसडू नये. डीकेआयएमची सही त्याच कामाची आहे, अधला-मधला मजकूर बदलला तर ती जुळत नाही. आणि २०१२ मध्ये आलेला ‘डीमार्क’ सांगतो की यादी आणि मोर्तब यांपैकी काहीच जुळले नाही तर पत्राचे काय करायचे, ठेवायचे, बाजूला टाकायचे की नाकारायचे.

बरीच वर्षे हे ऐच्छिक होते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे केले. गूगलच्या हिशेबी मोठे म्हणजे दिवसाला पाच हजार. लहान प्रेषकालाही पहिल्या दोहोंपैकी एक तरी हवेच. लहान व्यावसायिकाची फसगत होते ती इथे. त्याच्या यादीत त्याच्या टपाल कंपनीचे नाव असते. पण बिले मात्र सॉफ्टवेअरवाल्याच्या सर्व्हरवरून निघतात, ज्याचे नाव यादीत नाही. पडद्यावर ‘पाठवले’ असे हिरवे अक्षर उमटते, बिल मात्र ग्राहकाच्या कचऱ्याच्या कप्प्यात जाते आणि महिनाअखेर पैसे का आले नाहीत म्हणून दोन्ही बाजूंनी कुरबुर. भर म्हणून साधा पासवर्डही आता चालेनासा झाला आहे. गूगलने मे २०२२ अखेर, तर मायक्रोसॉफ्टने आपल्या व्यावसायिक टपालाच्या बहुतांश मार्गांवर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तो बंद करायला घेतला. कित्येक कचेऱ्यांतली वर्षानुवर्षे चाललेली जोडणी एका सकाळी अचानक थांबली, ती यामुळे. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच. पण टपालाच्या किल्ल्या आता दोन-तीन कंपन्यांच्या हाती गेल्या आहेत आणि त्यांनी कुलूप बदलले की नाक्यावरच्या दुकानदारालाही आपली किल्ली बदलावी लागते, हेही तितकेच खरे.

‘पाठवले’ आणि ‘पोचले’ यांतला फरक आपल्या न्यायालयांनी संगणकाच्या फार आधी तपासला आहे, तोही आपल्या विदर्भातल्या एका प्रकरणात. १९५९ च्या जुलैत अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या केडिया जिनिंग कारखान्याशी टेलिफोनवर सरकी पेंडीचा सौदा केला. माल आला नाही. अहमदाबादकरांनी आपल्या शहरात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. सौदा झाला कुठे, होकार उच्चारला गेला त्या खामगावात की तो ऐकू आला त्या अहमदाबादेत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६५ च्या निकालात बहुमताने अहमदाबाद ठरले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत मात्र खामगावच्या बाजूने पडले.

ई-मेलपुरता हा प्रश्न १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. दोन्ही पक्षांनी वेगळे ठरवले नसेल तर पत्र पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत शिरले की ‘जावक’ झाली. घेणाऱ्याने ठरवून दिलेल्या पत्त्यावरच्या यंत्रणेत शिरले की ‘आवक’ झाली. वाचले की नाही हे कलम विचारत नाही. ठरवून दिलेला पत्ता सोडून त्याच्या दुसऱ्याच पत्त्यावर धाडले असेल तर मात्र त्याने ते काढून घेतले तेव्हाच आवक. म्हणून खरेदी-आदेशावर छापलेला ई-मेल पत्ता आणि सॉफ्टवेअरच्या आवक रकान्यात भरलेला पत्ता एकच आहे ना, हे वकिलाकडे जायच्या आधी पाहून घ्यावे. स्थळाबद्दल कायदा आणखी सोपा आहे. सर्व्हर सिंगापुरात असो की आयर्लंडमध्ये, पत्र पाठवणाऱ्याच्या धंद्याच्या ठिकाणाहून निघाले आणि घेणाऱ्याच्या धंद्याच्या ठिकाणी पोचले असेच तो धरतो. ती पेंड आज ई-मेलने ठरली असती, तरी होकाराची जावक खामगावच्या वहीत आणि आवक अहमदाबादच्या वहीत पडली असती.